स्वल्प सैल

बेंगळुरूत समुद्र नाही, हे मला आजवर बऱ्याच लोकांनी समजावून सांगितलं आहे. मी शिडाच्या होड्या दुरुस्त करायचे असं म्हटलं की समोरचा आधी हसतो आणि मग मला वाईट वाटू नये अशा बेतानं विचारतो, "पण अक्का, इथं होड्या कुठं?" निवृत्त झाल्यावर बँकेत एक फॉर्म भरायला गेले होते. काउंटरवरच्या मुलीनं 'व्यवसाय'च्या रकान्यात मला न विचारताच 'गृहिणी' लिहून टाकलं. मी म्हटलं, "खोड ते." ती म्हणाली, "मग काय लिहू?" मी म्हटलं, "डोलकाठ्या उभ्या करणारी." तिनं माझ्याकडे बघितलं, पेन खाली ठेवलं आणि 'गृहिणी' तसंच राहू दिलं.

होड्या होत्या. हेब्बाळच्या पुढं एक मोठं तळं आहे, त्याच्या काठावर एक छोटा क्लब होता. बारा-चौदा होड्या, एक पत्र्याची शेड, लाकडी धक्का आणि चहाची किटली. सदस्य म्हणजे निवृत्त फौजी, दोन-तीन डॉक्टर आणि पुढं पुढं कॉम्प्युटरवाली मंडळी. त्या शेडमध्ये मी एकतीस वर्षं काम केलं. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात दरवर्षी बँकवाले आणि शाळावाले आपापल्या नोकरीबद्दल लिहितात. यंदा भाऊ म्हणाला, "तू लिही की. तुझ्यासारखं काम कुणी केलंय?" मी म्हटलं, माझ्यासारखी चूकही कुणी केली नसेल. तर दोन्हीबद्दल लिहिते.

आमचं घराणं इथं तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर आलं असं आजोबा सांगायचे. पुरावा मागितला की चिडायचे. वडिलांचं शिवाजीनगरला दुकान होतं. ऑटोरिक्षांचे टप, तंबू, मांडवाचं जाड कापड शिवायचं दुकान. जाड कापडाची मशीन मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून चालवायची. एक दिवस क्लबचा माणूस फाटलेलं शीड घेऊन आला. वडील म्हणाले, हे आमचं काम नाही. मी म्हटलं, कापडच आहे की. शिवून दिलं. महिन्याभरानं दुसरं आलं, मग तिसरं, आणि पुढं क्लबनं मलाच मशीनसकट शेडमध्ये नेऊन बसवलं. लग्न करायचं राहिलं ते राहिलंच. त्याबद्दल या अंकात लिहिण्यासारखं काही नाही.

शेडमध्ये मुनियप्पा नावाचे फिटर होते. एकदा ते म्हणाले, "शिवण झाली की बसून काय करतेस? इकडं ये, हे धर." मी धरलं. त्यानंतर सोडलं नाही.

न पाहिलेल्यांसाठी सांगते. छोट्या होडीची डोलकाठी खांबासारखी पुरलेली नसते. तळाच्या एका खाचेत ती नुसती टेकलेली असते. तिला उभं ठेवतात त्या तीन तारा. दोन दोन्ही बाजूंना, एक पुढं नाकाकडं. तार वर काठीला अडकते आणि खाली होडीच्या कडेला बसवलेल्या एका पोलादी पट्टीला. ती पट्टी लाकडात स्क्रूंनी धरलेली. शिडात वारा भरला की सगळा जोर त्या पट्टीवर येतो, आणि पट्टीचा चार स्क्रूंवर. होडीतल्या माणसाला वाटतं आपण वाऱ्यावर चाललोय. खरं म्हणजे तो करंगळीएवढ्या चार स्क्रूंवर चाललेला असतो.

मुनियप्पा म्हणायचे की या धंद्यात शब्द दोनच, सडिल आणि बिगि. म्हणजे सैल आणि घट्ट. बाकी सगळं लोक उगाच बोलतात. तारेतला एखादा बारीक धागा तुटला तर तो डोळ्यांना दिसत नाही. तारेवरून कापसाचा बोळा फिरवायचा, जिथं कापूस अडकेल तिथं तार गेली. आणि स्क्रू सैल होतो तो स्क्रूच्या दोषानं नाही, लाकडाच्या. भोकात पाणी जातं, लाकूड मऊ पडतं. घाई असलेला माणूस भोकात काडेपेटीच्या काड्या खुपसतो आणि तोच स्क्रू पुन्हा पिळतो. घट्ट बसल्यासारखा वाटतो. दोन रविवार वाटतो. खरं काम म्हणजे पट्टी काढायची, कुजलेलं खरवडायचं, भोक वाळू द्यायचं, रेझिनमध्ये लाकडाचा भुसा कालवून ते भरायचं, दिवसभर त्याला हात लावायचा नाही आणि मग नवं भोक पाडायचं. हात न लावणं हेच सगळ्यात अवघड.

गिऱ्हाइकं नमुनेदार असायची. एक निवृत्त मेजर होते, ते होडीला शिस्त लावायचे. गाठ सुटली की होडीला उभं करून झापायचे आणि मग मला हळूच म्हणायचे, "हिला जरा बघ." एक इंजिनियर तुटलेल्या कडीच्या जागी प्लास्टिकचा पट्टा बांधून आला. म्हणाला, व्हिडिओत असंच दाखवलंय. मी विचारलं, "व्हिडिओतला माणूस तुमच्याबरोबर होडीत बसणार आहे का?" तो गेला, आणि संध्याकाळी गपचूप खरी कडी घेऊन आला. एकतीस वर्षांत माझ्या हातच्या डोलकाठ्यांपैकी एकच पडली. ती केळुसकरांची.

केळुसकर हे त्यांचं खरं नाव नाही. ते गेले त्याला दीड वर्ष झालं, म्हणून लिहायला हात धजला.

वेंगुर्ल्याकडचे. विम्याच्या नोकरीत गावोगाव फिरले, शेवटची बदली बेंगळुरूला झाली आणि मग इथंच राहिले. कोरमंगल्यात घर होतं. आजूबाजूचे बंगले पडून तिथं पीजी उभी राहिली होती आणि त्यांच्या फाटकासमोर रोज पंधरा स्कूटर लागायच्या. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगी मेधा पुण्याला. निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी लाकडी होडी घेतली. होडी दोन माणसांची होती. ते एकटेच बसायचे.

पहिल्यांदा आले तेव्हा माझ्याशी हिंदीतच बोलले. डाव्या बाजूची पट्टी हलतेय, म्हणाले. मी फोनवर होते, भावाला सांगत होते, "भात लावून ठेव की रे, मला उशीर होईल." फोन ठेवला तर हे माझ्याकडे बघतच उभे.

"तुम्ही मराठी?"

"होय. स्वल्प थांबा, हातातलं संपवते."

ते हसले. "स्वल्प? आमच्याकडे स्वल्पाला फक्त विराम लागतो."

मला विनोद कळला नाही. माझी शाळा कन्नड. मराठी वाचायला घरी आईनं शिकवलेलं. त्यांनी खाली धुळीत बोटानं स्वल्पविराम काढून दाखवला. मी म्हटलं, "विराम सोमवारी. आज काम आहे." क्लबची सुट्टी सोमवारी असायची. त्यावर ते इतके हसले की मेजर आपल्या होडीला झापायचं सोडून आमच्याकडे बघायला लागले.

पट्टी मी नीट बसवून दिली. महिन्यानं ते पुन्हा आले. "रेणुकाबाई, स्वल्प सैल झालंय."

क्लबमध्ये मला सगळे रेणुक्का म्हणायचे. रेणुकाबाई म्हणणारे ते एकटेच.

मग दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी हे ठरूनच गेलं. मी पट्टीवर काम करायची, ते पालथ्या खोक्यावर बसून बोलायचे. माझी आई तेव्हा नुकतीच गेली होती. घरात भाऊ-भावजय होते, पण भावजय कन्नड आणि भाऊ कामापुरतं बोलणारा. आईबरोबर माझी निम्मी भाषा गेली होती. हे समोर बसून मासे, पाऊस, शिमगा, वडिलांचं कस्टममधलं काम असं काय काय सांगायचे. मी मधूनच घरातला एखादा शब्द बोलायची आणि ते थांबवायचे. "काय म्हणालात? पुन्हा म्हणा." एकदा मी सांगितलं, आई आम्हाला हाक मारताना 'बेगी ये' म्हणायची, तो शब्द कन्नड असणार. त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "माझी आई 'बेगीन ये' म्हणायची. समुद्रावरून हाक मारायची." दोन बायका, एक वेंगुर्ल्याला आणि एक शिवाजीनगरला, आपापल्या पोरांना एकाच शब्दानं घरी बोलवत होत्या. त्या दिवशी त्यांचा चहा गार झाला, माझं रेझिन भांड्यातच घट्ट झालं.

तिसऱ्या की चौथ्या महिन्यात माझ्या लक्षात आलं.

स्क्रू आपोआप सैल होतो तेव्हा त्याच्या डोक्यावरची खाच मळलेली असते. यांच्या स्क्रूची खाच चकचकत होती. कुणीतरी त्याच सकाळी त्यात पेचकस घातला होता. मी मान वर करून बघितलं. ते खोक्यावर बसून वेंगुर्ल्याच्या बाजारातल्या कुणा कोळणीची नक्कल करत होते. त्यांच्या पँटच्या खिशातून पेचकसाची पिवळी मूठ वर आली होती.

मी मान खाली घातली आणि स्क्रू आवळला.

मुनियप्पा तेव्हा निवृत्त झाले होते, पण रविवारी येऊन शेडच्या दारात बसायचे. केळुसकर गेल्यावर ते काठी टेकत आले, वाकून पट्टी बघितली आणि म्हणाले, "ह्या होडीला बोल्ट घाल."

ते म्हणत होते ते बरोबर होतं. एकच पट्टी पुन्हा पुन्हा सैल होत असेल तर स्क्रू बाद करायचे, पट्टीतून आरपार बोल्ट घालायचे, आतल्या बाजूला दुसरी पट्टी ठेवून नट आवळायचे. मग बाहेरून कुणी कितीही पेचकस फिरवला तरी काही हलत नाही. अर्ध्या दिवसाचं काम. डब्यात बोल्ट होते.

"घालते की," मी म्हटलं.

मुनियप्पांनी माझ्याकडे बघितलं. "सरी," ते म्हणाले, म्हणजे ठीक. "मी काही बघितलं नाही."

बोल्ट मी घातले नाहीत. दोन वर्षं घातले नाहीत. दर महिन्याला भोक भरायचं, नवं पाडायचं, तोच स्क्रू पुन्हा पिळायचा. लाकूड किती वेळा सोसणार? ते थकत चाललंय हे हाताला कळत होतं. प्रत्येक वेळी स्वतःला सांगायची, पुढच्या वेळी घालू. पुढची वेळ आली की चहा टाकायची. शिकाऊ माणसानं हे केलं असतं तर मी त्याला शेडमध्ये पाऊल ठेवू दिलं नसतं.

तो रविवार महिन्याचा पहिला होता. भावाच्या मुलीचा साखरपुडा होता म्हणून मी रजेवर होते. केळुसकर दुसऱ्या रविवारी येणार, त्यांना कशाला सांगायचं, म्हणून सांगितलं नव्हतं. नेमके ते आठवडाभर आधी आले. नेहमीसारखे धक्क्यावर गेले, नेहमीसारखे स्क्रू ढिले केले आणि शेडकडे आले. वॉचमननं सांगितलं, रेणुक्का नाही. त्यांनी परत जाऊन स्क्रू आपल्या हातानं आवळले. हाताला घट्ट लागले असतील. वारा चांगला होता. आलोच आहोत तर एक चक्कर मारू, असं त्यांनी मोटारबोटवाल्या नागराजला सांगितलं आणि गेले.

तळ्याच्या मध्यावर वाऱ्याचा एक जोराचा झोत आला. पट्टी चारही स्क्रूंसकट लाकडातून उपटली आणि जाताना त्यांच्या दंडावर बसली. डोलकाठी शिडासकट पलीकडे पाण्यात आडवी झाली, ते अलीकडे पाण्यात पडले. लाइफ जॅकेट होतं म्हणून तरंगत राहिले. नागराजनं त्यांना ओढून वर घेतलं.

मला फोन आला तेव्हा मी पंगतीत वाढत होते. हातातलं होळिगेचं, म्हणजे पुरणपोळ्यांचं ताट कुणाच्या हातात दिलं ते आठवत नाही.

मंगळवारी क्लबच्या समितीनं बोलावलं. तिघे जण टेबलामागं बसले होते, समोर दुरुस्तीची वही. सेक्रेटरींनी विचारलं, "रेणुक्का, गेल्या महिन्यात ही पट्टी तुम्ही बसवली?"

"होय."

"त्याच्या आधीच्या महिन्यातही?"

"होय."

"मग ती निघाली कशी?"

पेचकसाबद्दल एक शब्द बोलले असते तर मी सुटले असते. पण मग तो पेचकस टेबलावर आला असता, सगळ्यांनी हातात घेऊन बघितला असता, हसले असते. मी म्हटलं, "लाकूड कमजोर झालं होतं. मला कळायला हवं होतं." हे खोटंही नव्हतं. सेक्रेटरी भला माणूस. त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, यापुढं तुम्ही फक्त शिडं शिवा, तारांच्या कामाला आम्ही दुसरं कुणी बघतो. मी मशीनवर जाऊन बसले. सत्तावीस वर्षांपूर्वी जिथं बसले होते तिथंच.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये गेले. केळुसकरांचा उजवा हात खांद्यापासून बांधलेला होता. मेधा तिथंच होती. माझी ओळख करून दिल्यावर तिनं मला नीट निरखून घेतलं आणि "मी औषधं घेऊन येते" म्हणून खाली गेली.

मी खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"चूक माझी," ते म्हणाले. "तुम्हाला माहीत नाही, पण ते स्क्रू मी..."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या उन्हाळ्यापासून. खाच चकचकत होती. आणि पेचकस खिशातून दिसतो, केळुसकर."

त्यांनी डोळे मिटून घेतले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. अडुसष्ट वर्षांच्या माणसाला तसं लाजलेलं मी पहिल्यांदा बघत होते. "मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तुम्ही यायचे थांबला असता."

हे मी बोलून गेले. मागं घेता आलं असतं, पण घेतलं नाही. उलट उरलेलंही सांगून टाकलं. "बोल्ट घातले असते तर पट्टी कधीच सैल झाली नसती. डब्यात बोल्ट होते. मी मुद्दाम स्क्रूच घालत राहिले. तुमचा हात मी मोडलाय."

ते हसायला लागले. हसताना हात दुखायचा, कण्हायचे, पुन्हा हसायचे. नर्स डोकावून गेली. "मी सैल करायचो," ते म्हणाले, "आणि तुम्ही ते सैल राहील अशा बेतानं घट्ट करायचात." मग हसू थांबलं. "रेणुकाबाई, एवढ्या वयाचा माणूस मी, खिशात पेचकस घालून येत होतो. याहून सरळ काही सुचलंच नाही हो."

मी त्यांच्या पांघरुणाची कड सारखी केली. ती सारखीच होती.

मेधा वर आली, आणि पुढचं बोलणं पथ्यपाण्याचं झालं.

त्यांनी समितीला पत्र लिहिलं, डाव्या हातानं. त्यात काय होतं ते मी वाचलेलं नाही. सेक्रेटरींनी मला बोलावलं, काहीच न विचारता अवजारांच्या कपाटाची किल्ली परत दिली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तारांचं काम तुम्हीच बघा." त्या पत्राबद्दल क्लबमध्ये कुणी कधी चकार शब्द काढला नाही. भली माणसं होती.

हात जुळला, पण मेधानं त्यांना एकटं ठेवायचं नाही असं ठरवलं होतं, आणि तिचं चूक नव्हतं. पुण्याला जायच्या आदल्या दिवशी ते टॅक्सी थांबवून क्लबवर आले. होडीभोवती एक फेरी मारली. म्हणाले, म्हैसूरकडच्या एका माणसानं होडी मागितलीय, विकण्याआधी नीट करून द्या. मी म्हटलं, "या वेळी बोल्ट घालते." ते म्हणाले, "घाला." टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. "येतो" म्हणाले आणि गेले. ती शेवटची भेट.

होडीला मी अकरा दिवस दिले. कुजलेलं सगळं कापून काढलं, सागाचा नवा तुकडा जोडला, आत पट्टी, बाहेर पट्टी, आरपार बोल्ट. दोन्ही बाजूंना घातले. उजव्या बाजूला गरज नव्हती तरी घातले. तारा नव्या केल्या. मुनियप्पांना रिक्षात घालून दाखवायला आणलं. त्यांनी पट्टीवर अंगठा दाबला आणि "बिगि" म्हणाले. मुनियप्पांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी कुणाला मिळालेली नाही.

दुरुस्त झालेली होडी गिऱ्हाइकाला देण्याआधी पाण्यात चालवून बघावी लागते. ते काम कुणीतरी सदस्य करायचे. मी होडीत कधी बसलेच नव्हते. मला पोहता येत नाही आणि मला कुणी 'बस' म्हटलंही नव्हतं. त्या सकाळी आठवड्यातला मधला वार होता, धक्क्यावर नागराजशिवाय कुणी नव्हतं. मी लाइफ जॅकेट घातलं, साडीचा पदर खोचला, फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवला आणि होडीत पाय टाकला.

"अक्का, बेडा! नको!" नागराज ओरडला.

"तू मोटारबोट घेऊन मागं ये. पण लांब राहा."

शीड वर चढवणं मला येत होतं. ते मीच शिवलेलं होतं. वारा आला, होडी एकदम कलली आणि चालायला लागली, आणि मी ओरडले. भीतीनं का कशानं, सांगता यायचं नाही. ज्या तारांना मी इतकी वर्षं बोटानं वाजवून बघत होते त्या आता आपणहून घुमत होत्या. धक्का लांब गेला, पत्र्याची शेड काडेपेटीएवढी झाली. पलीकडच्या उंच इमारतींच्या काचांवर ऊन आलं होतं.

तळ्याच्या मध्यावर मी सुकाणू जरा जास्त वळवलं आणि होडी थांबली. शीड धाडधाड फडफडायला लागलं. दांडा इकडे केला, तिकडे केला, काही होईना. नागराज लांबून हातवारे करत होता. त्याला हाक मारली असती तर दोरी टाकून ओढत नेलं असतं. मी पिशवीवरूनच फोनचं बटण दाबलं.

"रेणुकाबाई?" केळुसकरांचा आवाज आला. ते पुण्याला गेल्यापासून तीन आठवड्यांत मी फोन केला नव्हता, त्यांनीही केला नव्हता. "कसला आवाज येतोय?"

"शिडाचा."

"कुठं आहात तुम्ही?"

"तळ्याच्या मध्यावर. तुमच्या होडीत. एकटी."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ते उभे राहिले असणार. "वारा कुठं लागतोय?"

"तोंडावर. सरळ."

"मग होडी वाऱ्याच्या तोंडाशी उभी राहिलीय. घाबरू नका. शिडाची आडवी काठी हातानं बाहेर ढकला. ढकलली? आता सुकाणूचा दांडाही त्याच बाजूला ढकला. तसंच धरून ठेवा."

"होडी मागं चाललीय!"

"जाऊ दे. आधी मागंच जाते. नाक वळतंय का?"

"स्वल्प वळतंय."

"थांबा. थांबा अजून. आता दोन्ही स्वतःकडे घ्या."

मी घेतलं. शीड एकदम गप्प झालं, भरलं, आणि होडी पुढं निघाली. त्यांना आवाजावरून कळलं.

"निघालात," ते म्हणाले. "आता वारा कुठल्या गालाला?"

"डाव्या."

"तो तसाच डाव्या गालाला ठेवा. धक्क्याकडे बघू नका, शिडाकडे बघा. मी आहे फोनवर."

ते सांगत गेले, मी करत गेले. दोरी जरा सोडा. आता ओढा. थोड्या वेळानं सांगण्यासारखं काही उरलं नाही. तरी त्यांनी फोन ठेवला नाही आणि मीही ठेवला नाही. पाण्याचा आवाज ऐकू येतोय, असं एकदा म्हणाले. मी फोन पाण्याकडे धरला. मेधानं मागून काहीतरी विचारलं, ते तिला म्हणाले, "नंतर. होडीत आहे."

धक्का जवळ आला. नागराज आधीच येऊन उभा होता, त्यानं हात पुढं केला, होडीची कड धक्क्याच्या टायरला लागली.

"पोचले," मी म्हटलं.



"इतक्या लवकर?" ते म्हणाले.